वसुबारसेचा घास

सृष्टीच्या अंगठ्याला कडुनिंब चोळायचं काम पल्लवीचं. रोज कामावर निघताना सोसायटीच्या फाटकाजवळच्या झाडाची दोन पानं तोडायची, तळहातावर चुरडायची आणि तीन वर्षांच्या लेकीच्या उजव्या अंगठ्यावर तो कडू रस लावायचा. लेकही मोठी शहाणी. अंगठा स्वतःहून पुढे करायची, आईची स्कूटी वळणाआड गेली की फ्रॉकला खसाखसा पुसायची आणि पुन्हा तोंडात घालायची. चोखून चोखून तो अंगठा पांढरट, मऊ पडला होता आणि नखाच्या कडेची कातडी कायम सोललेली असायची. पल्लवीच्या सासूबाई, सुमनबाई, म्हणायच्या, "तुझा नवरा अश्विन चौथीपर्यंत चोखायचा. झाला ना शेवटी मास्तर? उगी पोरीचं तोंड कडू करू नको."

पल्लवी पशुवैद्यक होती, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. जनावरांना विषाणूंमुळे जे रोग होतात त्यांच्यावर संशोधन करायचं, नमुने तपासायचे, हे तिचं काम; जोडीला कॉलेजात शिकवायचं. सृष्टी पोटात होती तेव्हाच गाईबैलांमध्ये लंपी, अंगभर गाठी उठवणारा रोग, पसरली आणि तेव्हापासून पल्लवीच्या आयुष्यात लेक आणि लंपी दोघी बरोबरच मोठ्या झाल्या. निफाडच्या गोठ्यातली खपली, कळवणच्या वासराचं रक्त, कुठल्या गाईला लस देऊनही गाठी आल्या आणि का आल्या, हेच तिच्या डोक्यात फिरत असायचं. घरी आली की आधी न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची, कपडे बदलायची आणि मगच लेकीला उचलायची. सुमनबाई हसायच्या. म्हणायच्या, आमची सून बाहेरचं वारंसुद्धा गाळून घरात आणते.

वसुबारसेच्या दिवशी ती कळवणच्या बाजूला होती. एका वस्तीवर नव्यानं लंपीचा संशय होता आणि दिवाळीच्या तोंडावर बाकी कुणी जायला तयार नव्हतं. निघताना तिला वाईट वाटलं होतं. गाय-वासराची पूजा आयांनी लेकरांसाठी करायची आणि हिच्या लेकरासाठी पूजा करणार आजी. पण सुमनबाईंनी तिला ढकललंच. "तू जनावरं बरी कर, मी त्यांची पूजा करते. एकाच घरातलं पुण्य आहे."

दुपारी गोठ्यात उकिडवी बसून ती एका कालवडीच्या मानेवरची गाठ चाचपत होती, तेव्हा फोन वाजला. सुमनबाईंनी फोटो पाठवला होता. सोसायटीच्या फाटकात पांढरी गाय, गळ्यात झेंडू, कपाळावर कुंकवाचा मळवट, पायाशी वासरू. हिरवं परकर-पोलकं घातलेली सृष्टी टाचा उंचावून गाईला उडदाचा वडा भरवत होती. खाली सुमनबाईंनी लिहिलं होतं, "बघ तुझी लेक. वड्यांसाठी गौरी गाईच्या तोंडाला कसं पाणी सुटलंय." पल्लवीनं हातमोजा काढला, फोटोखाली लाल बदाम टाकला आणि हातमोजा पुन्हा चढवला.

पाडव्याच्या दुपारी प्रफुल्लचा फोन आला. तो शहरातल्या पशुदवाखान्याचा डॉक्टर, कॉलेजात तिच्या पाठचा, अजूनही तिला मॅडम म्हणणारा. त्यानं सांगितलं ते काही विशेष नव्हतं. एक गाय काही दिवस चारा गिळत नव्हती. आवाज घोगरा झाला होता. शहरातल्या गाई पिशव्या खातात, तसं प्लॅस्टिक अडकलं असेल म्हणून त्यानं घशात हात घालून पाहिलं, तर काही नाही. सकाळी गाय गेली. "पण मॅडम, जाताना ती नुसतीच कण्हत नव्हती. भिंतीला टकरा देत होती. मला ते बरं वाटलं नाही. मेंदूचा नमुना काढून बर्फात ठेवलाय."

दोघांनीही रोगाचं नाव घेतलं नाही. तपासल्याशिवाय ते नाव घ्यायचं नाही, असा त्यांच्यात रिवाजच होता.

भाऊबीजेला प्रयोगशाळा बंद. तरी पल्लवी सकाळीच गेली. कळवणहून तिचा भाऊ हर्षल दुपारपर्यंत येणार होता, तोवर काम आटपून परत येऊ असा हिशेब. शिपाई सावळीराम बिचारा नव्या शर्टात कुलूप उघडायला आला. तिनं मेंदूचा तुकडा काचेवर टेकवला, ठसा घेतला, सुकवला, त्यावर रेबीजच्या विषाणूला चिकटून हिरवा चमकणारा द्रव सोडला, धुतलं, आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या ठिणग्या होत्या. एकदोन नव्हे, सगळीकडे.

कामाची सवय वाईट असते. पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. रंग स्वच्छ बसला होता, शंकेला जागा नव्हती, विद्यार्थ्यांना दाखवावा असा नमुना होता. तिनं दुसरी काच पाहिली, तिसरी पाहिली, मग बाहेर येऊन प्रफुल्लला फोन लावला.

"रेबीज आहे," ती म्हणाली.

प्रफुल्ल अगदी हळू बोलला. "मॅडम, मी कोपरापर्यंत हात घातला होता."

"मोजा होता ना?"

"होता. आतल्या आत दातांनी फाटला."

त्याची लस कॉलेजात झाली होती, नंतर त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. तिनं त्याला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जायला सांगितलं आणि नेहमीच्या ओघात पुढचं विचारलं. आणखी कुणी हात घातला? दूध कुणी प्यायलं? गाय कुणाची?

"दूध वासरूच प्यायचं. पण हात, मॅडम... मालकिणीनं तर दिवसातून दहादा घातला असेल. फाट्यावरच्या महादेवापुढे गाय घेऊन बसते ना ती, कुसाबाई, लोकांना घास विकते. वसुबारसेला दिवसभर सोसायट्यांमधून फिरवली होती गाय. तुमच्या पाथर्डी फाट्यालाच."

पल्लवीनं विचारलं, गाय दिसायला कशी होती.

"पांढरी. एका शिंगाच्या टोकाला पितळी शेंबी, दुसऱ्याची हरवलेली. गौरी म्हणायची तिला."

फोन कसा बंद केला ते तिला नंतर आठवलं नाही. फोटो मात्र लगेच सापडला. डाव्या शिंगाला पितळी शेंबी होती. उजवं शिंग बोडकं होतं. गाईच्या हनुवटीपासून जमिनीपर्यंत लाळेची तार लोंबत होती, दुपारच्या उन्हात चांगली चमकत होती. गाईची नजर कुठेच नव्हती. जबडा सैल पडला होता. आणि त्या जबड्यात सृष्टीची मूठ होती, मनगटापर्यंत.

खाली तिचाच लाल बदाम.

असं चित्र तिनं पुस्तकात पाहिलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. गिळता न येणारं जनावर, लाळ, सैल जबडा, घोगरं हंबरणं. पहिली चूक एकच होते, असं ती दरवर्षी वर्गात सांगायची: घशात काहीतरी अडकलंय असं समजून माणूस हात घालतो. परीक्षेत तिनं हा प्रश्नसुद्धा विचारला होता. आणि आपल्या लेकीचा हात तिथे पाहून तिला पोलक्याचा रंग किती खुलतोय एवढंच दिसलं होतं.

दारातून सावळीरामनं काहीतरी विचारलं. ती हो म्हणाली. तो चहा घेऊन आला तेव्हा तिला कळलं की त्यानं चहाचं विचारलं होतं.

तिनं घरी फोन लावला. "आई, सृष्टीचा हात साबणानं धुवा. खूप वेळ. नळाखाली."

"आत्ता? अगं, न्हाऊन बसलीय ती. हर्षल येईल, ओवाळायचं..."

"धुवा, आई."

धुऊन आता काही उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? लाळ लागली त्या घटकेला धुतला असता तर गोष्ट वेगळी. मधे अख्खी दिवाळी होऊन गेली होती. तरी ती स्कूटीवर बसली तेव्हाही मनात म्हणत होती, धुवा, अजून धुवा. तिच्या स्वतःच्या अंगात या रोगाची लस होती. प्रयोगशाळेत काम करायचं म्हणून वेळच्या वेळी टोचलेली, रक्त तपासून खात्री केलेली. विषाणू रोज हाताळणारी ती घरात एकटीच सुरक्षित होती, आणि ज्यांच्यासाठी ती कोपरापर्यंत हात धुऊन घरात शिरायची त्यांच्याकडे काहीच नव्हतं. या रोगाचं असं असतं. लक्षणं दिसायच्या आत लस गेली तर माणूस वाचतो. एकदा लक्षण दिसलं की मग डॉक्टर फक्त उशाशी बसतो. कॉलेजात असताना तिनं एक चित्रफीत पाहिली होती. धडधाकट माणूस, हातात पाण्याचा पेला, तहान लागलेली, आणि घशातून घोट उतरत नाही. तेवढीच पाहून ती वर्गाबाहेर गेली होती.

घरात रांगोळी होती, पाट मांडला होता, करंज्यांचा वास होता. ओला हात फ्रॉकला पुसत सृष्टी धावत आली. पल्लवी दारातच खाली बसली आणि तिनं तो अंगठा हातात घेतला. नखाच्या कडेला कातडी निघालेली होती, आत गुलाबी दिसत होतं. ते ती रोज बघायची, रोज तिथेच कडुनिंब चोळायची. आज तिला त्या जागेकडे बघवेना.

तिनं सासूबाईंना फोटो दाखवला आणि काय झालंय ते सांगितलं. आवाज न चढवता, जसं ती गोठ्यात मालकांना सांगायची तसं. सुमनबाई ऐकत राहिल्या. हातातलं निरांजन त्यांनी ओट्यावर ठेवलं.

"घास भरवल्यावर हात धुतला होता तिचा?"

"पदरानं पुसला."

"आणि अंगठा? तोंडात गेला का, आई? आठवून सांगा."

सुमनबाईंना आठवायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. "तिनं चोखला, पल्लवी. तिथंच. सगळ्या बायका हसल्या. मीच म्हटलं, बघा, गाईचा प्रसाद चाटतीय."

पल्लवी उठली. अश्विन देवळालीहून मावशीला आणायला गेला होता, त्याला थेट रुग्णालयात यायला सांगितलं. हर्षलला सांगितलं, घरी थांब. सृष्टीला उचलताना तिच्या लक्षात आलं की आज आपण न्हाणीघरात गेलो नाही. प्रयोगशाळेच्या कपड्यांतच तिनं लेकीला छातीशी धरलं होतं.

सरकारी रुग्णालयात कुत्रं चावलेल्यांची रांग सणासुदीलाही होती. फटाक्यांनी बिथरलेली कुत्री, दुसरं काय. डॉक्टर तरुण होता, पेंगुळलेला होता. कुठे चावलं, त्यानं मान खाली घालूनच विचारलं.

"चावलं नाही," पल्लवी म्हणाली. "गाईला घास भरवला."

त्यानं वर पाहिलं. तिनं आपण कोण ते सांगितलं, काचेवर काय दिसलं ते सांगितलं, अंगठा दाखवला. त्यानं एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही. आधी दंडात लस. मग तयार प्रतिद्रव्यांचं औषध, ते थेट त्या अंगठ्याच्या जखमेत, नखाच्या कडेनं. तेवढ्याशा बोटात सुई शिरली तेव्हा सृष्टी ओरडली नाही. तिनं आईकडे पाहिलं. रोज कडू लावणारी आई आज हे काय करवून घेतेय, असं ते बघणं होतं. मग ओठ थरथरले आणि रडं फुटलं, ते थांबेचना.

अजून कुणी घरातलं, डॉक्टरनं विचारलं.

पल्लवी वळली. सुमनबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. घरातून निघाल्यापासून ते हात पदराखालीच होते, हे तिला आत्ता दिसलं.

"आई, हात दाखवा."

"माझं काही नाही गं. पोरीचं नीट बघ."

"हात, आई."

उजव्या हाताच्या तर्जनीवर भाजल्याचा फोड होता. फुटलेला, कडा सुकायला लागलेल्या. वसुबारसेला वडे तळताना तेल उडालं होतं, त्यांनी सांगितलं. गाईच्या तोंडातला वडा आतही जाईना, बाहेरही येईना. ती खोकल्यासारखं करायला लागली. घशात घास अडकून गाय गुदमरली तर केवढं पाप, तेही आजच्या दिवशी. म्हणून त्यांनी काढला.

"किती आत?"

"बांगड्यांपर्यंत."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"तू पोरीकडं बघत होतीस," सुमनबाई म्हणाल्या. "म्हटलं, आधी तिचं होऊ दे. औषध संपलं-बिंपलं तर."

पल्लवीनं सासूचा तो हात आपल्या हातात धरला आणि डॉक्टरपुढे नेला, लेकीचा नेला होता तसाच. सुई फोडाच्या कडेला गेली तेव्हा सुमनबाईंनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, देवा, मला नाही, तिला वाचव.

मग बाकीचं. आरोग्य खात्यात फोन, आपल्या साहेबांना फोन, आणि सोसायटीच्या गटावर निरोप. गाय रेबीजनं मेली आहे, ज्यांनी ज्यांनी घास भरवला, लाळ लागली, त्यांनी आजच या. पहिलं उत्तर आलं की गाईला कधी कुत्र्याचा रोग होतो का. दुसऱ्यानं लिहिलं, सणाच्या दिवशी घबराट पसरवू नका. सचिवांनी तर निरोप पुसायला सांगितला. पल्लवीनं वाद घातला नाही. तिनं सृष्टीचा तो फोटो तिथे टाकला आणि खाली लिहिलं, ही माझी मुलगी, तिला आत्ता सुई दिली. त्यानंतर गट गप्प झाला आणि दुपार कलायच्या आत बायका यायला लागल्या. भाऊबीजेच्या साड्या, केसात गजरे, कडेवर मुलं. पाचव्या मजल्यावरची तेजल सातव्या महिन्यात होती. तिनं फक्त गाईच्या तोंडावरून हात फिरवला होता आणि तोच हात पोटावर ठेवला होता, आशीर्वाद म्हणून. लस पोटातल्या बाळाला चालते का, हे तिनं पल्लवीला तीनदा विचारलं आणि तीनदा हो ऐकलं.

कुसाबाई मात्र आली नाही. प्रफुल्लनं तिच्याकडे दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा दार लावलेलं.

"मी जाते," पल्लवी म्हणाली.

"तू एकटी नको," सुमनबाई म्हणाल्या. "तिला मीच बोलावलं होतं फाटकात."

अश्विन सृष्टीला घेऊन घरी गेला आणि सासू-सून नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांकडे निघाल्या. गोठा म्हणजे खोलीलाच टेकवलेला आडोसा. दावं रिकामं होतं. भिंतीला टकरा दिलेल्या जागी रक्त सुकलं होतं, त्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. पलीकडे खुंट्याला वासरू बांधलेलं, गळ्यात वसुबारसेचा सुकलेला झेंडू तसाच. सुमनबाईंनी दार लोटलं. आत कुसाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. पल्लवीची नजर तिथेच खिळली. गाईच्या दाढांनी हात असा सोलला जातो.

पल्लवीनं सांगायला सुरुवात केली. विषाणू लाळेत असतो, जखमेतून आत जातो, नसांमधून वर चढतो, अजून वेळ आहे. कुसाबाई तिच्याकडे बघतच नव्हती.

"गाय काय कुत्रं हाय का, ताई, पिसाळायला?"

"कुत्रं चावलं होतं का तिला?"

"श्रावणात एक झोंबलं व्हतं पायाला. हळद भरली. बरं झालं की."

कुसाबाईनं पदर तोंडावर घेतला. बोलली ती त्याच्या आडूनच.

"मी सुई घेतली म्हंजी काय झालं, सांगा. माझी गौरी पिसाळली व्हती, आन् मी तिला दारोदार नेली. बायांनी तिचे पाय धुतले, लेकरांनी घास दिले, आन् तिनं लेकरांना इख दिलं. असंच झालं ना? मी नाय घेत. माझी गाय देव व्हती. गेली, संपलं."

यावर पुस्तकात काही नव्हतं. पल्लवीला फक्त चित्रफितीतला पेला दिसत होता, आणि तो पेला धरलेले हात आता या ओरखडलेल्या हातांसारखे दिसत होते. सांगावं का हिला ते? घाबरवावं का?

सुमनबाई खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी जमिनीवर बसत नसत, पण बसल्या. पट्टी बांधलेलं बोट त्यांनी कुसाबाईपुढे धरलं.

"हे बघ. बांगड्यांपर्यंत घातला होता मी. तुझ्या गाईला त्रास होत होता, तेवढंच मला दिसलं. तुलाही तेवढंच दिसलं. पाप असलं तर अर्धं माझ्या ताटात वाढ, मी बोलावलं होतं तिला. पण माझ्या नातीनं आज त्या एवढ्याशा अंगठ्यात सुई घेतलीय, आणि तू एवढी थोरली बाई दार लावून बसतेस?"

कुसाबाईनं पदर आणखी ओढून घेतला.

"मला दरवर्षी वसुबारस करायचीय, कुसाबाई. तुझं मरण त्यात नको. आणि त्याला कोण बघणार?" सुमनबाईंनी हनुवटीनं वासराकडे दाखवलं.

तेव्हा कुसाबाईनं पदर खाली घेतला आणि पहिल्यांदा पल्लवीकडे पाहिलं. "त्याला पण झालाय का, ताई?"

पल्लवीला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "आजच कळणार नाही. वेगळं बांधायचं, लस द्यायची, आणि काही महिने बघत राहायचं. त्याच्या तोंडात कुणी हात घालायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. बादली ठेवायची आणि लांबून बघायचं, पाणी पितंय का. घोट उतरतोय तोवर चांगलं आहे."

"आन् मी गेले तर बादली कोण ठेवील," कुसाबाई स्वतःशीच म्हणाली. मग ती उठली. दोन्ही हात साबणानं धुतले, केस बांधले, दारामागचं धुतलेलं लुगडं काढलं. रिक्षात ती आणि सुमनबाई शेजारी बसल्या. रुग्णालयात तिच्या हातांवर एवढ्या जागी सुया गेल्या की डॉक्टरच मधे थांबून तिला पाणी हवं का विचारायला लागला. तिनं ग्लास घेतला आणि पल्लवीनं श्वास रोखून पाहिलं. कुसाबाई घटघट प्यायली.

दिवाळीनंतर प्रयोगशाळा उघडली. लंपीचे नमुने पुन्हा यायला लागले. सोसायटीतली माणसं तारखा ठरवून एकमेकांच्या सोबतीनं पुढच्या सुया घेऊन आली, तेजलचं पोट आणखी वर आलं, सचिवांनी स्वतःची सुई सगळ्यांत शेवटी घेतली आणि त्यावर बायका अजून हसतात. प्रफुल्ल आता दोन मोजे घालतो. सगळ्यांचं ठीक आहे, डॉक्टर म्हणतात ठीकच राहील. पल्लवीलाही ते माहीत आहे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनंच छातीठोकपणे सांगितलं असतं.

पण फाटकाजवळचा कडुनिंब ती आता तोडत नाही. गरजच उरली नाही. सुई गेली त्या दिवसापासून सृष्टीनं अंगठा तोंडात घातलेला नाही. झोपेत तो ओठांपर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो. वर्षभर जे व्हावं म्हणून पल्लवीनं जीव टाकला ते झालं, आणि रोज रात्री तो ओठांपाशी थबकलेला अंगठा बघून तिला गलबलून येतं.

सकाळी ती सृष्टीला पेल्यात पाणी देते आणि समोर बसते. पोर गंमत करते, घोट तोंडात धरून गाल फुगवते. तेवढ्या वेळात पल्लवी तिच्या गळ्यावरची नजर हलवत नाही. मग घोट उतरतो.

आणि रोज त्याच सुमारास फोन वाजतो. पलीकडे कुसाबाई. ती हॅलो म्हणत नाही, कशा आहात विचारत नाही. लांब काठीनं बादली पुढे सरकवल्याचा आवाज येतो, पत्र्यावर काहीतरी खडखडतं. फोन काठीच्या टोकाला बांधला आहे की काय कोण जाणे.

"आयका, ताई," कुसाबाई म्हणते.

पल्लवी फोन कानाशी घट्ट धरते. सुमनबाई ओट्यापाशी हातातलं काम थांबवतात. सृष्टी पेला खाली ठेवते आणि तिलाही ऐकायचं असतं म्हणून आईच्या मांडीवर चढते. पहिल्यांदा नुसती फुरफुर. मग काही नाही. ते काही नाही फार लांबतं.

मग वासरू पाणी पितं.